आधी ताणा, मग चित्र: गोव्यातल्या घरात टेपेस्ट्री विणताना

पहिली टेपेस्ट्री विणायला घेताना बहुतेकजण आधी चित्र ठरवतात, मग लोकर आणतात आणि चौकटीचा विचार सगळ्यात शेवटी करतात. क्रम नेमका उलटा हवा. एका सेंटीमीटरमध्ये ताण्याचे, म्हणजे चौकटीवर उभे ताणलेले, किती धागे बसतात, यावरून चित्रातली सगळ्यात बारीक रेघ किती जाड येणार, गोलाई कितपत गोल दिसणार आणि काम किती महिने चालणार, हे ठरतं. टेपेस्ट्रीत बाणा, म्हणजे आडवा विणायचा धागा, ताण्याला पूर्ण झाकतो आणि प्रत्येक रंगाचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत न जाता आपल्याच हद्दीत ये-जा करतो. पैठणीच्या पदरावरचा मोर याच जातीच्या विणीचा असतो. तिथे रेशीम आणि जर असते आणि शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवून घेतलेले असतात, एवढाच फरक.

इथली मापं ३० बाय ४० सेंटीमीटरच्या पहिल्या कामासाठी आहेत. याहून लहान घेतलं तर हात बसायच्या आत काम संपतं, आणि मोठं घेतलं तर निम्म्यावर पडून राहतं.

चौकट

सुताराकडून बाहेरून ६० बाय ८० सेंटीमीटरची चौकट करून घ्या. पट्टी ४ सेंटीमीटर रुंद आणि अडीच सेंटीमीटर जाड, कोपऱ्यांवर अर्ध्या जाडीची खाच घेऊन केलेला जोड, सरस आणि प्रत्येक जोडाला दोन स्क्रू. लाकूड जुनं सागवान असेल तर उत्तम. फणसाचंही चालतं, पण ते पुरतं वाळलेलं हवं. ओलसर लाकडाची चौकट उन्हाळ्यात काटकोनात असते आणि जुलैत पीळ घेते. पीळ घेतलेल्या चौकटीवरचं काम उतरवलं की एक कोपरा वर उचललेला राहतो, आणि तो कितीही इस्त्री केली तरी बसत नाही. जोड झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट परत पाठवा.

खिळे ठोकून त्यांवर ताणा चढवायची पद्धत आहे, पण समुद्राकाठच्या हवेत ती नकोच. साध्या खिळ्याला पहिल्याच पावसात गंज चढतो आणि गंजाचा डाग सुतातून निघत नाही. त्याऐवजी चौकटीच्या वरच्या पट्टीवर ६० सेंटीमीटर लांबीची, ४ सेंटीमीटर जाडीची एक सुटी पट्टी ठेवा. दोन्हींच्या मध्ये, दोन्ही टोकांना, एकेक सेंटीमीटर जाडीचे लाकडाचे तुकडे सरकवा. ताणा या दोन्ही पट्ट्यांना मिळून वेढा घेईल. नंतर तुकडे काढून तिथे पाचर मारली की सुटी पट्टी वर उचलली जाते आणि सगळे धागे एकदम ताणले जातात. सुटी पट्टी बारीक घेतली तर ती मधोमध वाकते, मधले धागे सैल पडतात आणि विणकामाला पोट येतं.

ही पाचर गोव्यात नुसती सोय म्हणून नाही. पीळ दिलेलं सूत दमट हवेत फुगतं आणि लांबीला आखडतं. म्हणजे मेमध्ये टणक ताणलेला ताणा जूनच्या मध्यावर आणखी आवळतो आणि चौकटीच्या जोडांवर जोर येतो. एसी लावलेल्या खोलीत तोच ताणा पुन्हा ढिला पडतो. पावसाळा सुरू झाला की पाचर थोडी मागे घ्या आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा आत मारा. काम चालू असताना दर बैठकीच्या सुरुवातीला ताण्यावर तळहात दाबून पाहा. मधोमध आणि दोन्ही कडांना तो सारखाच मागे ढकलला गेला पाहिजे.

ताणा

सुताची, घट्ट पिळाची, सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची दोरी लागते. परदेशात यासाठी मासेमारीच्या जाळ्यांची सुती दोरी वापरायची पद्धत पडली, म्हणून आपल्याकडेही लोक जाळ्यांच्या दुकानात जातात. तिथे आता नायलॉन मिळतं. ते घेऊ नका. नायलॉन ताण दिला की लांबतं आणि सोडला की आकसतं, त्यामुळे चौकटीवर सपाट दिसलेलं काम उतरवल्यावर चुरगळतं. दोरी घेण्याआधी हातभर तुकडा ताणून धरा आणि अंगठ्याच्या नखाने एकाच जागी वीस-पंचवीस वेळा घासा. तिथे कापूस निघायला लागला तर पंजाच्या, म्हणजे बाणा दाबून बसवायच्या काट्याच्या, माराखाली ती दोरी टिकणार नाही.

३० सेंटीमीटर रुंदीत दर सेंटीमीटरला ३ याप्रमाणे ९० धागे. प्रत्येक धाग्याला सुमारे ८५ सेंटीमीटर दोरी जाते, म्हणजे ७७ मीटर. ९० मीटर घेऊन ठेवा. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर पेन्सिलीने मधला बिंदू काढा, त्याच्या दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटीमीटरवर खूण करा आणि त्यामध्ये दर सेंटीमीटरला बारीक रेघ मारा. दोरीचं टोक खालच्या पट्टीला बांधून वेढे इंग्रजी आठाच्या आकाराने घ्या: वरच्या पट्ट्यांच्या पुढून आलेला धागा खालच्या पट्टीच्या मागून जाईल, मग पुढे येऊन वरच्या पट्ट्यांच्या मागे. चौकटीच्या मध्यावर धाग्यांची आपोआप फुली पडते. फुलीच्या वर, पुढच्या आणि मागच्या धाग्यांमध्ये, एक चपटी पट्टी घाला. ती उभी केली की बाणा घालायला एक वाट उघडते. दुसऱ्या वाटेसाठी, त्या वेळी मागे राहणाऱ्या प्रत्येक धाग्याला बारीक सुताचा फास घाला आणि दहा-दहा फास एकत्र गाठवा, म्हणजे मूठभर धागे एकदम पुढे ओढता येतात. फास एकाच लांबीचे करायला पुठ्ठ्याचा तुकडा माप म्हणून वापरा.

वेढे घेताना हात एकसारखा ठेवणं महत्त्वाचं, घट्ट ओढणं नाही. घट्टपणा पाचर देते.

आता धागे जागेवर बसवायचे. ताण्याच्याच दोरीचे दोन पदर घ्या आणि तळाशी, काठापासून काठापर्यंत, प्रत्येक धाग्याभोवती ते एकमेकांवर पिळत न्या. हे करताना दर सेंटीमीटरच्या रेघेत तीनच धागे येताहेत ना, हे पाहत जा. त्यावर दोन सेंटीमीटर साधी वीण त्याच दोरीने घाला. ही पट्टी शेवटी मागे दुमडून शिवली जाते. हातमागावर धाग्यांमधलं अंतर फणी राखते. चौकटीला फणी नसते, म्हणून या पहिल्या ओळींवरच सगळी भिस्त. मुंबईच्या मोनिका कोरिया यांनी विणता विणता फणीच काढून घेऊन ताण्याला मुद्दाम भरकटू दिलं आणि त्यातून स्वतःची शैली घडवली. ती मोकळीक घ्यायला हरकत नाही, पण धागे सरळ ठेवता येऊ लागल्यावर.

लोकर आणि रंग

बिकानेरकडची गालिच्याची लोकर या कामाला विणकामाच्या मऊ लोकरीपेक्षा चांगली. ती किंचित राठ असते, पंजाने दाबली की दबूनच राहते. ॲक्रिलिक दाबलं तरी पुन्हा फुगतं आणि ताणा मधून डोकावतो. या मापाला साधारण १५० ग्रॅम लोकर पोटात जाते. नासधूस धरून २०० ग्रॅम घ्या. बाण्याची जाडी ताण्याच्या दोन धाग्यांमधल्या फटीएवढी हवी. बारीक लोकरीचे तीन पदर एकत्र घेऊन ती जाडी गाठणं सगळ्यात फायद्याचं, कारण रंग तिथेच मिसळता येतात. दोन रंगांच्या तीन पदरांतून चार छटा मिळतात, तीन रंगांतून दहा, चार रंगांतून वीस. विसाव्या शतकात टेपेस्ट्रीला पुन्हा उभारी देणाऱ्या फ्रान्सच्या ज्याँ ल्यूर्सा यांनी मोजकेच रंग घेऊन आराखड्यावर त्यांचे आकडे लिहायची शिस्त लावली. नवख्याने हीच शिस्त उचलावी. चाळीस रंगांची टोपली दिसते छान, पण काम मात्र गढूळ होतं.

घरी रंगवायची असेल तर फणसाच्या लाकडापासून सुरुवात करा. सुताराकडे रंध्याचे ढलपे फुकट मिळतात. १०० ग्रॅम धुतलेल्या लोकरीला १५ ग्रॅम तुरटी ४ लिटर पाण्यात विरघळवा, ओली लोकर त्यात सोडा आणि तासभर उकळीच्या जरा खाली ठेवा. खळाखळा उकळू द्यायचं नाही आणि ढवळायचंही नाही, नाहीतर लोकर जमून नमदा होतो. ती त्याच पाण्यात गार होऊ द्या. १०० ग्रॅम ढलपे रात्रभर भिजवून तासभर उकळा, गाळा आणि लोकर त्या पाण्यात पुन्हा तासभर तशीच मंद आचेवर ठेवा. सोनेरी पिवळा येतो. पिवळा मळकट, हिरवट आला तर पाण्यावर संशय घ्या: चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरीच्या पाण्यात लोह असलं की पिवळा करपतो. पागोळ्यांखाली भरून ठेवलेलं पावसाचं पाणी अशा वेळी नळाच्या पाण्यालाही मागे टाकतं. तोच मळकटपणा मुद्दाम हवा असेल तर २ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) शेवटच्या दहा मिनिटांत घाला. त्याहून जास्त घातलं तर लोकर काही वर्षांत ठिसूळ होते.

हळद, बीट, कोकम यांच्या मागे लागू नका. भांड्यात रंग मोहात पाडतो आणि भिंतीवर सहा महिन्यांत उडतो. कोणत्याही रंगाचा धागा पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळा, अर्धा भाग जाड कागदाने झाका आणि पट्टी मार्च ते मे पश्चिमेच्या खिडकीत ठेवा. कागद काढल्यावर दोन भागांत फरक दिसला तर तो रंग बाद.

चित्र

या विणीत आडव्या आणि तिरक्या रेघा सुखाने येतात, उभ्या रेघा त्रास देतात. दोन रंगांची सीमा उभी राहिली की तिथे दोन्ही धागे शेजारच्या दोन ताण्यांवरून मागे फिरतात आणि मध्ये फट उरते. म्हणून माडाचं चित्र सरळ उभं विणू नका. खोडाच्या दोन्ही बाजूंना हातभर फटी पडतील आणि कापड लोंबेल. आराखडा आडवा करा: खोड आडवं पडलं की ते नुसत्या पट्ट्यांचं काम उरतं, आणि भिंतीवर लावताना कापड फिरवून टांगायचं. अट एकच: टांगल्यावर ताणा आडवा येतो, म्हणून वीण चांगली घट्ट ठोकलेली हवी.

पहिल्या कामाला गोव्याच्या जुन्या घरांतली शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी घ्या. लाकडी पट्ट्यांच्या जाळीत बसवलेले दुधी, अर्धपारदर्शक शिंपले. सगळा आकार चौकोनांचा, आणि प्रत्येक तावदानाचा पांढरा वेगळा. ९० धाग्यांत हिशेब चोख बसतो: ८ तावदानं प्रत्येकी ९ धाग्यांची, आणि त्यांच्यामधल्या व कडेच्या ९ पट्ट्या प्रत्येकी २ धाग्यांच्या. दोन धागे ही उभ्या रेघेची सगळ्यात लहान रुंदी, याहून बारीक पट्टी या ताण्यावर आखूच नका. उंचीत ३ सेंटीमीटरचं तावदान आणि ६ मिलिमीटरची आडवी पट्टी, असे ११ थर धरले की जवळपास ४० सेंटीमीटर भरतात. यातली गोम अशी की उभ्या पट्टीची फट ३ सेंटीमीटर चढते न चढते तोच आडवी पट्टी काठापासून काठापर्यंत जाते आणि ती बांधून टाकते. सगळ्या फटी मिळून जाळीची सावली होतात. शिवायची गरजच पडत नाही.

अशा थरात एकाच वेळी १७ लड्या, म्हणजे प्रत्येक तावदानाला आणि पट्टीला बाण्याची एकेक लहान गुंडाळी, चालतात. ते डोईजड वाटत असेल तर ४ तावदानं करा, प्रत्येकी २० धाग्यांची, मध्ये आणि कडेला मिळून ५ पट्ट्या. मग ९ लड्यांत भागतं.

आराखडा खऱ्या मापात जाड कागदावर काढा, ताण्याच्या मागे टाचा आणि त्यावरून प्रत्येक धाग्यावर वॉटरप्रूफ शाईने खुणा करा. खूण धाग्याच्या सगळ्या बाजूंनी फिरवा, कारण धागा गोल फिरतो. साधी पेनाची शाई दमट हवेत पसरून लोकरीत उतरते.

विणताना

लडी बोटांवर आठाच्या आकारात गुंडाळा, एका वेळी दोन-तीन मीटर, त्याहून जास्त नाही. धागा एकदा डावीकडून उजवीकडे गेला की एक ओळ, परत आला की एक फेरी.

पहिला नियम: शेजारच्या दोन लड्या नेहमी एकमेकींच्या उलट दिशेने चालतात. पहिली उजवीकडे, दुसरी डावीकडे, तिसरी उजवीकडे. असं असलं की सीमा एक धागा इकडे किंवा तिकडे सरकवली तरी वीण जुळते. दोघी एकाच दिशेने निघाल्या तर सीमा सरकताच एका धाग्यावरून बाणा नुसताच तरंगतो किंवा एकाच वाटेत दोन ओळी बसतात. लडी चुकीच्या दिशेची असल्याचं लक्षात आलं तर तोडून दुसऱ्या टोकाने सुरू करा. तसंच पुढे रेटण्यात अर्थ नाही.

दुसरा नियम कमानीचा. बाणा वाटेत सरळ ताणून घालायचा नाही. तो टेकडीसारखा वर उचला, कमानीला मध्ये बोटाने खाली टेकवून दर आठ-दहा सेंटीमीटरला एक अशा लहान कमानी करा आणि मग पंजाने दाबा. ताण्याच्या धाग्यांवरून-खालून जायला लागणारी जादा लांबी या कमानीतून येते. कमान कमी पडली तर कडा आत ओढल्या जातात, जास्त झाली तर पृष्ठभागावर गाठीसारखे फुगवटे येतात. पंजा म्हणून स्टीलचा जड जेवणाचा काटा पुरतो. दरी विणणाऱ्यांचा लोखंडी पंजा मिळाला तर ठोका अधिक चांगला बसतो, पण तो तेलाचा हात लावून, पुसून, लोकरीपासून दूर ठेवायचा.

दर ३ सेंटीमीटरला रुंदी मोजा. ३० चे २९.५ झाले तर शेवटच्या सात-आठ ओळी उसवा. पुढच्या ओळी सैल घालून मागची चूक भरून निघत नाही, फक्त कड लाटेसारखी होते. खबरदारी म्हणून दोन्ही कडांना दर ३ सेंटीमीटरवर दोऱ्याचा टाका घालून तो चौकटीच्या उभ्या पट्टीला बांधा.

तिरकी रेघ पायऱ्यांनीच होते. या ताण्यावर दर दोन फेऱ्यांना एक धागा सरकवला की साधारण ४५ अंश मिळतात. लोकर जाड-बारीक असली तर हे बदलतं, म्हणून आधी बोटभर नमुना विणून पाहा. वर जाताना बाहेर पसरणारा आकार त्याच्याखालचा भाग विणून झाल्याशिवाय सुरू करता येत नाही. जे दुसऱ्याला टेकू देणार, ते आधी. तावदानाच्या पांढऱ्यात छटा मिसळताना दोन लड्यांची सीमा प्रत्येक फेरीला मागे-पुढे सरकवा, एकदा दोन धागे, एकदा पाच, मग तीन. सारख्या अंतराने सरकवलं तर आरीच्या दात्यांचा नमुना उमटतो.

रंग दिवसा, उत्तरेच्या उजेडात निवडा. रात्री पिवळ्या दिव्याखाली जोडलेले करडे सकाळी हिरवे निघतात.

नवख्या हाताने तासाला २० चौरस सेंटीमीटरच्या आसपास काम होतं असं धरून चाला. म्हणजे हा तुकडा साठ तासांचा. एका बैठकीत पाऊण तासावर मान खाली घालून बसू नका. वर्षाची आखणी गोव्याच्या ऋतूंवरच करावी लागते: पावसात रंगवलेली लोकर चार-चार दिवस वाळत नाही आणि तिला वास धरतो, म्हणून रंगवणं नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि विणणं जून ते सप्टेंबर. चवथीचे दिवस हिशेबात धरूच नका, माग बंद राहणार आहे. डिसेंबरात पणजीत कलेची वर्दळ असते, सेरेंडिपिटी कला महोत्सवही तेव्हाच भरतो. त्या सुमारास काम दाखवायचं असेल तर ते ऑक्टोबरात चौकटीवरून उतरलेलं हवं.

विणत नसाल तेव्हा लोकर झाकून ठेवा. कसर लोकर खाते आणि बुरशी लोकर व सूत दोन्ही खाते. कडुनिंबाचा पाला आणि कापूर कसरीला लांब ठेवतात, पण आत पडलेली अंडी मारत नाहीत. बाहेरून आणलेली प्रत्येक लडी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आतल्या लोकरीवर पाणी सुटतं.

उतरवणं आणि टांगणं

वरही दोन सेंटीमीटर साधी वीण आणि पिळाची ओळ घाला. पाचर काढा, दोऱ्याचे टाके सोडा, मग ताणा मधून कडेकडे असा थोडा-थोडा कापत दोन-दोन धाग्यांची गाठ मारत चला. एका कडेने कापत गेलात तर उरलेल्या धाग्यांवर ताण एकवटतो आणि कापड तिरकं होतं. दोन्ही पट्ट्या मागे दुमडून शिवा. ओलं सुती फडकं ठेवून मागच्या बाजूने वाफेची इस्त्री फक्त टेकवा, ओढू नका. मग सपाट फळीवर मापात टाचून दोन दिवस वाळू द्या.

टांगायला ५ सेंटीमीटर रुंद वेल्क्रोची मऊ बाजू सुती पट्टीवर आणि ती पट्टी कापडाच्या मागे हाताने शिवा. खरखरीत बाजू लाकडी पट्टीवर स्टेनलेस स्टीलच्या पिनांनी बसवा. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, म्हणून पट्टीमागे ठोकळे देऊन भिंतीपासून ३ सेंटीमीटर अंतर राखा. काच लावू नका. पश्चिमेचं ऊन येणारी भिंत टाळा. दर पावसाळ्यात दोनदा काम खाली उतरवून मागची बाजू पाहा. बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर आधी सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळवा आणि मगच मऊ ब्रशने झटका, ओलं असताना घासलं तर डाग आत मुरतो.

मागच्या बाजूला एक सुती चिठ्ठी शिवा: वर्ष, सेंटीमीटरमागे ताण्याचे धागे, प्रत्येक रंग कशाचा. तिच्यासोबत छोट्या पिशवीत प्रत्येक छटेची दोन मीटर लोकर ठेवा. दुरुस्तीची वेळ आली की तोच रंग पुन्हा रंगवून जुळवणं जवळजवळ अशक्य असतं.